मानेतले दिवे

सोलापुरात उन्हाळ्यात दारात आलेल्या माणसाला आधी पंख्याखाली बसवतात आणि मग कोण, कुठले ते विचारतात. मी काम करतो तिथं पंख्याऐवजी एसी आहे आणि त्याचा रिमोट माझ्याकडं असतो. मी पाहुणचार केला, एवढंच.

मी पेट स्कॅनच्या मशीनवर तंत्रज्ञ आहे. पेशंट मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे मी प्रत्येकाला सांगतो, फक्त जरा हळू आवाजात. काम असं की, किरणं सोडणारी साखर माणसाच्या शिरेत टोचायची, त्याला तासभर एका खोलीत निवांत पडू द्यायचं आणि मग मशीनमध्ये सरकवायचं. शरीरात जिथं साखर जास्त खपते तिथं चित्रात उजेड दिसतो. कॅन्सरच्या गाठी साखरेला हावऱ्या, म्हणून त्या दिव्यासारख्या पेटतात.

त्या उन्हाळ्यात मला चित्र सुधारायचं वेड लागलं होतं. आमची चित्रं दाणेदार यायची, काळ्या पाटावर रवा सांडल्यासारखी. कंपनीच्या इंजिनियरला मी इतके फोन केले की शेवटी त्याची बायको फोन उचलून 'ते आंघोळीला गेलेत' म्हणायला लागली. दुपारी चारलाही. पण एक गोष्ट मला कळली. मशीनचा पलंग टप्प्याटप्प्यानं पुढं सरकतो. प्रत्येक टप्प्यावर तो जरा जास्त थांबवला, तर किरणं जास्त गोळा होतात आणि दाणे कमी होतात. आमच्या मॅडम, म्हणजे चित्र वाचून रिपोर्ट लिहिणाऱ्या खऱ्या डॉक्टर, म्हणाल्या, "करून बघा. बिघडलं तर तुम्हीच."

त्याच आठवड्यात होटगीहून एक मुलगी आली. कॉलेजातली, बारीक, डोक्यावर नुकतेच उगवलेले बोटभर केस. बरोबर वडील, रेल्वेत रुळांची देखभाल करणारे. मुलीला लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला होता आणि किमोचे सगळे डोस संपले होते. स्कॅन स्वच्छ आला तर उपचार थांबणार, नाही तर पुन्हा किमो, यावेळी जास्त कडक. मुलीनं मला एवढंच विचारलं, "परत सुया लागतील का?"

"ते मॅडम सांगतील," मी म्हणालो. "तू फक्त शांत पडायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. बोललं, हललं की स्नायू साखर खातात आणि चित्र बिघडतं."

मुलगी आज्ञाधारक. मान हलवून हो म्हणाली आणि मग मानही हलवली नाही.

बाहेर ऊन असं की स्टँडवरून रिक्षातनं येताना वडिलांचा चेहरा तांबडालाल झालेला. त्यांनी विचारलं, "साहेब, आत गार हाय का? पोरीला लई उकडत हुतं."

"काका, महाबळेश्वर केलंय," मी म्हणालो, आणि एसी आणखी खाली नेला.

कॅमेऱ्यात ती दिसत होती. तिनं ओढणी गळ्याशी ओढून घेतली, पाय पोटाशी घेतले. मला वाटलं, किती निवांत झोपलीय पोर! मी समाधानानं चहा प्यायला गेलो.

मग मशीनमध्ये पलंग जास्त थांबवत मी चित्र काढलं, ते आमच्याकडं कधी आलं नव्हतं असं. दाणा नाही, धूर नाही. यकृताची कड पेन्सिलीनं काढावी तशी. मी बाजूच्या सोनोग्राफीवाल्याला बोलावून दाखवलं, रिसेप्शनवरच्या ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे, पण हे मानेजवळ लग्नाची लायटिंग कशी काय?"

तोवर मी मानेकडं पाहिलंच नव्हतं. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांपर्यंत, दिवेच दिवे.

मॅडम आल्या. बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "चित्र सुंदर आहे. कशाचं आहे?"

मी मानेवर बोट ठेवलं.

"सोबत काढलेल्या सीटीत इथं धड गाठ दिसत नाही," त्या म्हणाल्या. "चरबी दिसतेय. खोली किती गार होती?"

मी आकडा सांगितला. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, माणसाच्या मानेत आणि खांद्यांशी तपकिरी चरबी असते. थंडी वाजली की ती साखर जाळून अंगात ऊब आणते. तरुण, बारीक माणसांत तर भरपूर. तुम्ही पोरीला साखर टोचलीत आणि फ्रीजमध्ये ठेवलंत."

"तिनं सांगितलं नाही की, गार वाटतंय म्हणून."

"तुम्ही तिला काय सांगितलं होतं?"

बोलायचं नाही. बरोबर.

आता हे दिवे चरबीचे, हे मॅडमना जवळजवळ पटलं होतं. पण 'जवळजवळ' रिपोर्टात लिहिता येत नाही. एवढ्या उजेडात खरीच एखादी गाठ लपली असली तर? आणि नसताना 'आहे' लिहिलं तर पोरीला पुन्हा सुया. स्कॅन परत करायचा ठरला. मी वडिलांना गाठून सगळं सांगितलं. चूक माझी, मुलीची नाही, हेही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आजार वाढला न्हाय म्हणताय?"

"ते अजून माहीत नाही, काका."

"मग तुमचं म्हाबळेश्वर आमाला म्हागात पडलं की," ते म्हणाले. रागानं नाही. तसं म्हणाले म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला मी फोन करून बजावलं: घरून निघतानाच अंगावर गरम कपडे घाला. रिक्षा आली तेव्हा बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि मुलगी स्वेटर, कानटोपी, वर दुहेरी चादर अशा थाटात उतरली. रिक्षावाला मला म्हणाला, "थंडीताप आलाय का हो पोरीला? मी येताना सारखं मागं बघत होतो." मुलगी घामानं निथळत हसत होती. मी खोलीतला एसी बंदच ठेवला. यावेळी तिला म्हणालो, "काहीही झालं तर हात वर कर. गार, गरम, काहीही." तिनं लगेच हात वर केला. "काय झालं?" "काय न्हाय, बघितलं."

ती मशीनमध्ये गेल्यावर मी पलंग प्रत्येक टप्प्यावर तेवढाच जास्त थांबवला. चित्र एकेक पट्टी करून पडद्यावर उतरायला लागलं. मांड्या, पोट, छाती. पुढची पट्टी यायला वेळ होता आणि तेवढा वेळ मीच दिला होता. मग मान आली. अंधार. दोन्ही बाजूंना नुसता मऊ, स्वच्छ अंधार.

मला धावत जाऊन सांगायचं होतं. मॅडम माझ्या मागंच उभ्या होत्या. "तोंड बंद," त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून त्यांनी डोक्यापासून मांडीपर्यंत चित्राचा एकेक काप पाहिला, सीटीशी ताडून पाहिला, पुन्हा मानेपाशी आल्या. मग उठल्या आणि स्वतःच बाहेर गेल्या. मी मागोमाग.

स्कॅननंतरच्या खोलीत मुलगी बाकावर झोपून गेली होती, स्वेटर उशाला. मॅडमनी हळू आवाजात वडिलांना सांगितलं, आजाराची खूण कुठं दिसत नाही, किमो नको. ठरल्याप्रमाणे तपासणीला मात्र येत राहायचं. वडिलांनी ते दोनदा सांगायला लावलं. मी मुलीला उठवायला पुढं झालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"निजू द्या. उठली की मी सांगतो."

मॅडमनी रिपोर्ट लिहून पाठवला तरी ती झोपलेलीच होती. पुढच्या पेशंटला सुई टोचून मी खोलीवरनं गेलो, तेव्हा वडील तिच्या डोक्याशी बसून रिपोर्टाच्या मोठ्या लिफाफ्यानं तिला वारा घालत होते.