नदीला दिलेलं विष

नॉर्वेला लेकीकडे असताना शेजारच्या इंगरबाईंबरोबर नदीवर गेले. पाण्यात उतरण्याआधी त्यांनी गळ, बूट, जाळी, सगळं जंतुनाशकात बुडवलं. मी कारण विचारलं.

"काही वर्षांपूर्वी इथल्या सॅमन माशांच्या अंगावर एक बारीक परजीवी आला होता. पिल्लं जगेनात. तो माशावाचून जगत नाही, म्हणून नदीत विष सोडून सगळे मासेच मारले. मेलेले मासे मी आणि नवऱ्याने गोळा केले. तो त्या दिवशी जेवला नाही."

"मग हे मासे?"

"याच नदीतली अंडी आधीच दुसरीकडे जपली होती. त्यांची पिल्लं आणून सोडली. तो परजीवी ओल्या सामानावरून परत येऊ नये, म्हणून हे बुडवणं."

जिला वाचवायचं त्या नदीलाच विष द्यायचं, हे माझ्या गळी उतरेना. पण समोर पाण्यात एक मोठा सॅमन उसळला.

"हे बघायला माझा नवरा हवा होता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गळ टाकला.