तळ्याकाठचे दत्त

पुलगावात स्टेशनच्या मागच्या गल्लीत शकुंतलाबाई एकट्याच राहत. यजमान वासुदेवराव जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा धीरज पुण्याला नोकरीत. दोन हजार पाच साली त्यानं नवा कंप्युटर घेतला आणि जुना आईकडे आणून ठेवला. म्हणाला, "तुले करमणूक होईल."

बाईंनी तो नुसता झाकून ठेवला नाही. दोन महिने क्लासला गेल्या. वहीत पायऱ्या लिहून आणल्या: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डेस्कटॉप, मग अप्लाय. जत्रेत देवांच्या फोटोंची एक सीडी मिळाली होती. तेव्हापासून आंघोळ, देवपूजा झाली की पडद्यावर त्या त्या वाराचा देव बसायचा. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. देवाच्या तोंडावर आलेली आयकॉनची बारकी चित्रं त्या एकेक ओढून कडेला लावत. त्यातली केराची टोपली पायाशी नको म्हणून पार कोपऱ्यात. उदबत्तीही लावत, पण लांबून. धूर मशीनला सोसत नाही असं सरांनी बजावलं होतं.

शेजारच्या शोभाबाई दारातूनच विचारायच्या, "काहो, तुमचा देव लाईट गेली का जाते न?"

"जाते न. मंग लाईट आली का येते बी. तुमचा मुकेश तरी येते का असा?"

बाईंना आपलंच बोलणं लागलं. शोभाबाईंचा मुलगा येत नव्हता, तसा धीरज तरी कुठं येत होता?

दिवाळीत तो चार दिवसांसाठी आला. निघायच्या दिवशी, गाडीला वेळ होता म्हणून कंप्युटरपुढे बसला. "काय पसारा करून ठेवला माय," म्हणत त्यानं सगळी चित्रं एका ओळीत लावली आणि देवाच्या जागी एक तळं आणलं. मागं बर्फाचे डोंगर, काठावरही बर्फ.

"हे कुठचं रे?"

"मले काय मालूम? कंप्युटरातलंच हाय. डोळ्याले थंड वाटते."

तो गेला. दुसऱ्या दिवशी शनिवार, मारुतीचा. बाईंनी राइट क्लिक केलं आणि हात थांबला. त्याचं ताट घासून झालं होतं, चादर धुऊन वाळली होती. त्याच्या हातचं घरात आता एवढंच उरलं होतं. बोट दाबलं की तेही जाणार.

मारुती सीडीतच राहिला. मग महादेव, मग गणपती. देवघरातल्या देवांची पूजा रोज होत होती, पण पडद्याचा नेम त्यांनीच घेतला होता आणि त्यांनीच मोडला. कामं आटोपली की त्या तळ्यापुढे येऊन बसत. काठावर माणूस नाही, होडी नाही, एखादं पाखरूसुद्धा नाही.

गुरुवारी दुपारी धीरजचा फोन आला.

"जेवली का?"

"गुरुवार हाय न बाबा. उपास."

"हो न. दत्त बसवले का मंग?"

"बसवले न."

"बरं केलं. मी त्या दिवशी भलतंच लावून आलतो. ते काढलं न?"

"काढलं."

"बरं, ठेवतो. मीटिंग हाय."

उपासाच्या दिवशी, दत्ताचं नाव घेऊन, आणि एकदा नाही, दोनदा खोटं. बाई रिसीव्हर ठेवून पडद्यापुढे आल्या. दत्त बसवावेत तर तळं जातं. तळं ठेवावं तर खोटं राहतं.

मग त्यांना आठवलं. क्लासमध्ये सरांनी दोन फोटो एकात जोडून शुभेच्छापत्र करायला शिकवलं होतं. वहीत ते पान सापडलं. पहिल्यांदा दत्तांनी सगळं तळंच झाकलं. दुसऱ्यांदा गाय अर्धी कापली गेली. तिसऱ्यांदा ते नीट लहान होऊन काठावर येऊन बसले. फोटोमागचा पांढरा चौकोन दिसेल अशी धास्ती होती, पण तो बर्फात मिसळून गेला.

दिवेलागण झाली होती. बाई खुर्ची मागं सारून पाहत राहिल्या. दत्त एकटे आले नव्हते. मागं गाय होती, पायाशी चार कुत्रे. त्या काठावर पहिल्यांदाच कोणी वस्तीला आल्यासारखं वाटलं.

'बसवले' हे आता खरं झालं. 'काढलं' मात्र खोटंच राहिलं. बाईंनी हात जोडले. "देवा, तेवढं नाई झालं माझ्यानं," म्हणाल्या, आणि उपास सोडायला उठल्या.