बोनिंगचा वाचलेला वेळ

बोनिंग सुमागायसाय फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात लग्नाच्या फिल्मा बनवतो. सकाळी चर्चमध्ये लागलेलं लग्न दुपारी हॉलमधल्या पंगती उठायच्या आत पडद्यावर दिसलंच पाहिजे, ही आमच्याकडची रीत. पाहुणे भाजलेलं डुक्कर खाता खाता स्वतःलाच रडताना बघतात आणि पुन्हा एकदा रडून घेतात. तेवढ्या वेळात हॉलच्या मागच्या बाजूला, मखमली पडद्याआड, कुणीतरी घाम गाळत सकाळचे तुकडे जोडत बसलेलं असतं. ते कुणीतरी म्हणजे बोनिंग. त्याची बायको तेरेसिंग कॅमेरा धरते आणि हा कापाकापी करतो. या धंद्यातले बाकीचे लोक केव्हाच लॅपटॉपवर आले. बोनिंगचा डेस्कटॉप मात्र उशांत गुंडाळून, ट्रायसिकल रिक्षात मांडीवर बसून हॉलवर येतो. "लॅपटॉप म्हणजे पोरांचं खेळणं," असं तो म्हणतो आणि कंबर धरून खाली बसतो.

गेली दोन वर्षं या गृहस्थाला एकच चिंता होती. प्रोसेसर बदलावा की नाही? माणसं मुलीचं स्थळ बघतानाही इतकी चौकशी करत नाहीत. सकाळी उठला की नव्या प्रोसेसरचे आलेख, जेवताना जुन्या-नव्याची तुलना, झोपताना कुठल्याशा परदेशी पोराचा व्हिडिओ, ज्यात तो पोर प्रोसेसर हातात धरून गंभीर चेहरा करतो. सोमवारी बोनिंगचं ठरायचं की घ्यायचा. गुरुवारी कळायचं की त्या प्रोसेसरला मदरबोर्डही नवा लागतो. शनिवारी कळायचं की मदरबोर्डला मेमरीही नवीच लागते. रविवारी तो चर्चमध्ये डोळे मिटून उभा राहायचा आणि तेरेसिंगला खात्री असायची की देवालाही हा त्यातलंच काहीतरी विचारतोय.

तेरेसिंगला या सगळ्याचा मनापासून वीट आला होता. तिला यंत्रातलं फारसं कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं सगळं कळत होतं. तिने बघितलं होतं की लग्नविधीत मेणबत्ती पेटवण्याचे पंचवीस तुकडे समोर असले की बोनिंग पंचविसांतला एक निवडायला अर्धी दुपार घालवतो. पहिला बघायचा, शेवटचा बघायचा, परत पहिला. हनुवटी खाजवायची. मग शेजारच्या खुर्चीवरच्या बॅगेला विचारल्यासारखं विचारायचं, "हा बरा की तो बरा?"

"मेणबत्ती आहे रे ती," तेरेसिंग म्हणायची. "दोन्हींत पेटलेलीच आहे."

"तुला नाही कळायचं. यंत्र हळू आहे गं माझं."

"यंत्र तुझी वाट बघत बसलंय, आणि हळू म्हणे यंत्र!"

शेवटी ती त्याला ओढून दिओस्कोरोच्या दुकानात घेऊन गेली. दिओस्कोरो हा शहरातला जुना काँप्युटरवाला. त्याला सगळे नोंग कोरो म्हणतात, म्हणजे कोरोदादा. तो अर्ध्या चड्डीत, गळ्याला पंचा गुंडाळून बाचॉय, म्हणजे शेवयांचं सूप, ओरपत बसला होता. बोनिंगने आलेख उघडले. नोंग कोरोने वाटीवरून नजरही वर केली नाही.

"काम करताना प्रोसेसरवर किती भार पडतो तो काटा बघतोस का कधी?" त्याने विचारलं. "तो वर चढून तिथेच राहत असेल तर पैसे काढ. तो जांभया देत असेल तर घरी जा."

"फिल्म रेंडर करताना अगदी वर असतो, नोंग," बोनिंग उत्साहाने म्हणाला. रेंडर म्हणजे सगळे तुकडे जोडून झाल्यावर त्यांची एकसंध फिल्म बनवून बाहेर काढणं.

"ते रे शेवटी. त्याला किती वेळ लागतो?"

"एक वाटी बाचॉय होईल एवढा."

"आणि त्याच्या आधी?"

बोनिंगने आलेख बंद केले. त्याच्या आधी काटा दिवसभर जमिनीला टेकलेला असायचा, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मग नवा घेऊन तुझी अर्धी वाटी वाचेल," नोंग कोरो म्हणाला. "नको घेऊस. मी विकणारा माणूस सांगतोय तुला, नको घेऊस."

घरी येताना बोनिंग वाटभर फणफणत होता. म्हातारा मागे पडलाय म्हणे. त्याला नव्या जमान्याची जाण नाही म्हणे. विकणारा स्वतःच नको म्हणतो आणि तरी याला पटत नाही, असलं गिऱ्हाईक तेरेसिंगने दुसरं पाहिलं नव्हतं. तरी प्रश्न मिटला, या समाधानात तिने पुढचे काही महिने काढले.

मग जोव्हेलिनचं लग्न ठरलं. जोव्हेलिन त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून तिने बापाची पाठच जास्त बघितली होती. वाढदिवसाला पाठ, शाळेच्या समारंभाला पाठ, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला तर पाठ आणि वर एक वायर. बिचारीने लग्नासाठी एकच मागणं मागितलं.

"ताताय, माझ्या लग्नात तुम्ही पडद्यामागे बसायचं नाही. जेवण चालू असतानाच आपला नाच आहे. बापलेकीचा. फिल्म दुसऱ्या कुणालातरी करू द्या, नाहीतर नसली तरी चालेल."

"दुसऱ्याला?" बोनिंगच्या नाकपुड्या फुगल्या. "माझ्या मुलीची फिल्म दुसरा करणार? उद्या लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"मग नाच?"

आणि इथे बोनिंगला तो साक्षात्कार झाला. दोन वर्षं जे गणित सुटत नव्हतं ते एका क्षणात सुटलं. नवा प्रोसेसर घ्यायचा, म्हणजे काम लवकर उरकेल, म्हणजे नाच सुरू व्हायच्या आत बाप मोकळा. इतका सरळ हिशेब! त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. तेरेसिंगला हसावं की रडावं कळेना. ज्याला खरेदीसाठी निमित्त हवं होतं त्याला लेकीचं निमित्त मिळालं होतं, आणि त्याची त्याला जराही लाज वाटत नव्हती.

प्रोसेसर आला. त्याच्याबरोबर मदरबोर्ड आला, मेमरी आली. नोंग कोरोने सगळं बसवून दिलं आणि जाताना तेरेसिंगला म्हणाला, "इन्दाय, पोरी, पेटी नवी झाली. बसणारा तोच आहे."

लग्नाच्या दिवशी दोन कॅमेरेवाले उसने आणले होते, कारण तेरेसिंगला आई म्हणून मुलीच्या एका बाजूने चालायचं होतं आणि बोनिंगला बाप म्हणून दुसऱ्या. चर्चचं दार उघडलं, गाणं सुरू झालं, तिघं निघाले. जोव्हेलिनने बापाचा दंड घट्ट धरला होता. ती सारखी बापाकडे बघतेय हे तेरेसिंगला पलीकडून दिसत होतं. बोनिंगला नाही दिसलं. बोनिंग कॅमेऱ्याकडे बघत होता. मोकळ्या हाताने तो खुणा करत होता: डावीकडे सरक, खाली बस, खांब येतोय मध्ये. वेदीपाशी पोचेपर्यंत त्याने अख्खं दिग्दर्शन करून टाकलं. मुलीला नवऱ्याच्या हाती देतानाही मान कॅमेऱ्याकडेच. तेरेसिंगला त्या क्षणी, भर चर्चमध्ये, त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

हॉलवर पोचताच तो पडद्याआड गेला. आणि खरं सांगायचं तर यंत्राने शब्द पाळला. सूप येईपर्यंत तुकडे जोडून झाले, डुक्कर कापायला घेतलं तोवर फिल्म तयार. चाचणीला म्हणून केलेलं रेंडर इतक्या लवकर झालं की बोनिंग खुर्चीतल्या खुर्चीत उडाला. आता उठायचं, हात पुसायचे आणि बाहेर जायचं, एवढंच उरलं होतं.

पण वेळ उरलाय म्हटल्यावर हा उठतो कसला! इतका वेळ आहे तर मेणबत्तीचा तुकडा जरा संथ करून बघू. छान दिसतोय, मग अंगठीचाही करू. चेहऱ्यांचा रंग जरा पिवळा आहे, तो सुधारू. जुन्या यंत्रावर ज्याची हिंमत झाली नसती ते सगळं त्याने उकरून काढलं आणि पुन्हा हनुवटी खाजवायला सुरुवात केली.

बाहेर सूत्रसंचालकाने पुकारा केला, "वधूपिता, नाचासाठी पुढे या!" टाळ्या झाल्या. पुन्हा पुकारा झाला. टाळ्या जरा विरळ झाल्या. तेरेसिंग तरातरा पडद्याआड शिरली.

"ऊठ."

"पाच मिनिटं, तेरेसिंग. बघ ना, हा बरा की तो बरा?"

"पोरगी मधोमध एकटी उभी आहे. सगळा हॉल बघतोय तिला."

"अगं तिच्यासाठीच तर करतोय!"

तेरेसिंग बाहेर आली, उंच टाचांच्या चपला काढून कोपऱ्यात फेकल्या आणि लेकीचा हात धरला. मायलेकी नाचल्या. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी नवीन पद्धत असेल.

मग फिल्म लागली, आणि सुंदर होती, यात वाद नाही. लोक रडले. नवरदेवाची आजी तर दोनदा रडली. दिवे लागल्यावर बोनिंग घामाघूम, पण फुललेल्या चेहऱ्याने बाहेर आला आणि पहिल्याच टेबलावर नवरदेवाच्या काकाला धरून नवा आणि जुना प्रोसेसर यांतला फरक समजावू लागला. काकांच्या तोंडात घास होता, त्यामुळे ते अडवू शकले नाहीत.

जोव्हेलिन उठून त्याच्यासमोर आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"ताताय, फिल्ममध्ये मी चर्चमध्ये फक्त आईबरोबर चालतेय. तुम्ही कुठे आहात?"

"ते होय?" बोनिंग हसला. "माझा सगळा भाग वाया गेला बघ. एकसारखा कॅमेऱ्यात बघत होतो, हातवारे काय, मान काय. एकही तुकडा वापरण्यासारखा नव्हता. मग चौकट आवळून घेतली, फक्त तू आणि आई. कळतसुद्धा नाही की नाही?"

"तुम्हीच काढलंत स्वतःला?"

"मग दुसरं कोण काढणार?"

"खूप वेळ लागला असेल."

"छे गं!" बोनिंगने काकांकडे बघत चुटकी वाजवली. "जुन्या यंत्रावर लागला असता. आता नुसतं बोट लावलं की—"

चुटकी वाजवलेला हात तसाच वर राहिला. काकांनी घास गिळला आणि ताटात बघितलं. जोव्हेलिनने झग्याचा घोळ सावरला.

"जेवून घ्या, ताताय," ती म्हणाली. "गार होतंय."