सुखियाची पणती

त्रिनिदादच्या मावशी ओळख होताच माणसाला त्याच्या पणजीचं नाव विचारायच्या. अमेरिकेत, हर्नडनमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या गणपतीत त्यांनी पुण्या-मुंबईच्या तमाम सॉफ्टवेअरवाल्यांची अशी दांडी गुल केली होती. ग्रीन कार्डाचे नियम तोंडपाठ असलेली मंडळी प्रसादाची वाटी घेऊन गप्प उभी. "तुमच्याकडे विचारायला माणसं आहेत, तरी विचारत नाही," असं त्या आपल्या हेलकाव्याच्या इंग्रजीत म्हणाल्या आणि आणखी थोडी खिरापत मागून घेतली. गप्प उभ्या असलेल्यांत मीही होते.

मावशी आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. निवृत्त नर्स. गाडी चालवायच्या नाहीत, म्हणून २००३ च्या उन्हाळ्यापासून दर शनिवारी मी त्यांना लायब्ररीत नेऊ लागले. उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून त्रिनिदादला नेलेल्या माणसांचे जुने कागद मायक्रोफिल्मवर होते. त्या फिल्मा मावशी तिथे मागवून घ्यायच्या. त्यांची पणजी सुखिया कलकत्त्याला जहाजात बसली, एवढंच घरात ठाऊक होतं. ती कुठली, कुणाची, हे आपण मरायच्या आधी कळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

फिल्म सरकवताना त्या प्रत्येक नाव तोंडाने वाचायच्या, आपलं नसलेलंसुद्धा. "एवढ्या वर्षांत यांना कुणी हाक मारली नसेल," म्हणायच्या. काउंटरवरची बाई डोळे वटारायची, की मावशी तिच्या हातावर घरी केलेली चिंचेची गोळी ठेवायच्या. मला मात्र कंटाळा यायचा. मी बाहेर जाऊन नागपूरला फोन लावायचे.

नागपूरला माझी मुक्ता होती. सात महिन्यांची असताना तिला सासूबाईंकडे ठेवून आलो होतो. आम्ही दोघं नोकरीत, पाळणाघरात बाळ सारखं आजारी. ओळखीतल्या कितीतरी जणांनी हेच केलं होतं. "बाळ इंडियात आहे" हे आम्ही गाडी सर्व्हिसिंगला टाकल्याच्या सुरात सांगायचो. ठरलं होतं थोड्या महिन्यांचं, आणि दोन वर्षं होत आली. फोनवर मुक्ता सासूबाईंना आई म्हणताना ऐकू यायची. मी हसल्यासारखं करून फोन ठेवायचे.

एका शनिवारी फोन करून आत आले, तर मावशी काहीच वाचत नव्हत्या. पडद्यावर सुखिया होती. वय बावीस, जिल्हा बस्ती, सोबत कोणी नाही. जवळचा नातेवाईक या रकान्यात बहुतेकांच्या बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव असायचं. इथे लिहिलं होतं: रामदीन, मुलगा.

"बावीस वर्षांच्या बाईचा मुलगा केवढा असेल?" मावशींनी विचारलं.

पणजी सापडली म्हणून त्या अख्ख्या बिल्डिंगला जेवायला बोलावतील, असं मला वाटलं होतं. उलट त्या अपराध्यासारख्या वागायला लागल्या. "आमचं सगळं घराणं त्या पोराच्या आईवर वाढलं," म्हणायच्या. मग रामदीनचा शोध सुरू झाला आणि तिथेच खुंटला. जहाजात बसलेल्यांचे कागद होते. मागे राहिलेल्यांचे कुणी केलेच नव्हते. माझ्या मुलीबद्दल मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. तेच मला सोसेना. दिवाळीला मी नागपूरला गेले आणि मुक्ताला घेऊन आले.

घेऊन आले म्हणजे ओढून आणली. विमानतळावर तिने सासूबाईंचा पदर मुठीत धरला होता आणि सासूबाईच रडत रडत तिची बोटं सोडवत होत्या. दोघींचाही घात मी केला, असं तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. इथे आल्यावर कित्येक दिवस ती माझ्या हातचा घास घेईना. "तू जा. मला माझी आई पाहिजे," म्हणायची.

मावशी तोवर आजाराने अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांच्या उशाशी बसून रडले. म्हटलं, मुलगी माझा राग राग करते.

"करू दे ना, चाइल्ड," माझा हात धरून त्या म्हणाल्या. "तू समोर आहेस म्हणून तिला रागावता येतंय. रामदीनने कुणावर रागवायचं?"

त्याच हिवाळ्यात मावशी गेल्या.

मुक्ता आता मोठी झाली आहे. भांडण झालं की माझ्या तोंडावर खोलीचं दार आपटते. मी दाराबाहेरून हलत नाही.