काठ सोडलेली अक्षरे

उमाजीदादा भांड्यांवर नावे घालत. नई सडकेवर एका शेठजींचे पितळी भांड्यांचे दुकान होते. त्याच्या पायरीवर पोते पसरून ते बसत. मांडीवर ताट, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. आमच्या घरातल्या प्रत्येक ताटाच्या काठावर त्यांचे अक्षर होते. त्यांचे वडील संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, तेव्हा मुलाच्या हातात ही छिन्नी होती म्हणून घर चालले.

मी नुकताच मराठी घेऊन बी. ए. झालो होतो. नोकरी नव्हती. दुपारी त्यांच्याशेजारी जाऊन बसत असे.

छप्पन साली नवे राज्य झाले, भोपाळ त्याची राजधानी ठरले आणि आमच्या शहरातल्या कचेऱ्या तिकडे निघाल्या. त्यांच्यामागून कारकुनांची घरे निघाली. जड पितळ तिकडे कोण नेणार? लोक भांडी मोडीत काढू लागले. शेठजींच्या तराजूत रोज ढीग पडे आणि तिथून भट्टीकडे जाई. दादा पायरीवरून बघत. बरीचशी नावे त्यांनीच घातलेली होती.

एकदा त्यांनी ढिगातून एक परात ओढून काढली.

"ही शांताताईची. लग्नाच्या आदल्या दिवशी आली होती. शेजारी उभी राहून म्हणत होती, दादा, अक्षर मोठं घाला, सासूला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

त्यांनी परात परत ढिगात ठेवली. थोड्या वेळाने विचारले, "भालचंद्र, छापखान्यातला अक्षराचा खिळा वितळला तर काय होतं?"

"नवा ओततात. साचा असतो ना."

"मग मला साचा करायचाय. पुऱ्या अक्षरांचा. माझ्या."

मी हसलो. ते हसले नाहीत.

जयसिंहरावांचा छापखाना महाराज बाडा चौकाच्या मागे होता. सरकारी कामे भोपाळला गेली होती. आता लग्नपत्रिका आणि शाळेची पुस्तके यांवर त्यांना दिवस काढायचे होते.

"उमाजी, खिळे पुण्याहून येतात," ते म्हणाले. "तिथली माणसं बापजाद्यांपासून हेच करतात."

"त्यांच्यातला पहिला कोणीतरी असेलच ना?"

जयसिंहरावांनी माझ्याकडे पाहिले. मी खांदे उडवले.

"एक ओळ दाखव," ते म्हणाले. "फाल्गुनात मी पुण्याला जाणार. ओळ डोळ्याला खटकली नाही, तर तुझं काम तिथल्या कारखान्यात मी स्वतः नेतो. खटकली, तर पुन्हा हा विषय नाही. मंजूर?"

"मंजूर."

पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. तो ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की साचा होतो, आणि साच्यात रस ओतला की हवे तितके खिळे. उलट्या अक्षराची सगळ्यांना धास्ती होती. दादांनी समोर आरसा ठेवला आणि ते महिन्याभरात जमवले.

ओळ मी दिली होती. 'सामान भोपाळला निघाले.' संक्रांतीनंतर तिचे ठसे तयार झाले. प्रत्येक ठसा कंदिलाच्या ज्योतीवर काजळून दादांनी कागदावर, आखलेल्या रेघेखाली दाबला. एकेक अक्षर देखणे होते. मी ओळ वाचली आणि पुन्हा वाचली.

"बोल," ते म्हणाले.

"अक्षरं उड्या मारतायत."

खरोखरच मारत होती. वरची रेघ कुठे धड जुळत नव्हती. दादांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. मग आत जाऊन जेवणाचे ताट आणले. ते कागदावर पालथे घालून त्याच्या काठाने पेन्सिल फिरवली. त्या गोल रेघेला आतून डोकी लावून तेच ठसे पुन्हा दाबले. ओळ अखंड उमटली. कुठे सांधा दिसेना.

तेव्हा उलगडा झाला. वीस वर्षे हाताने काठ धरला होता. पोलादावरही त्याने काठच कोरला होता. प्रत्येक अक्षराचे डोके किंचित वाकलेले होते.

"डोकी घासून सरळ करा," मी म्हणालो.

"बुटकी होतील." त्यांनी सगळे ठसे भंगाराच्या डब्यात टाकले. "ताटं सोडायला हवीत. सकाळी काठ आणि संध्याकाळी रेघ, असं हाताला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी शेठजी दादांच्या घरी आले. "शादियों का सीज़न है, उमाजी. ऐसे में कोई दुकान छोड़ता है?"

"मैंने छोड़ दी, शेठजी."

दादांच्या पत्नी विजयावहिनी चहा घेऊन आल्या. "शेठजी, यांची समजूत घालून तुम्हीही थकाल," त्या मराठीतच म्हणाल्या. "चहा घ्या." शेठजी गेल्यावर त्यांनी शिवणाचे यंत्र खिडकीजवळ ओढले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "फाल्गुनापर्यंत शिवणावर भागवते. मग मी ऐकणार नाही."

दादांनी घरातली ताटे माळ्यावर टाकली. पत्रावळीवर जेवू लागले. सकाळी आधी पाटीवर पट्टीशिवाय सरळ रेघा ओढत, मग कानस हातात घेत. रेघ वाकली की पाटी पुसत. मी चेष्टा करायचे सोडून दिले.

होळीच्या आधी आम्ही छापखान्यात गेलो. जयसिंहरावांनी कागद उजेडात धरला. ओळीखाली पट्टी ठेवली, वर ठेवली.

"सामान कुणाचं निघालं?" त्यांनी विचारले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी ओळ वाचली, उमाजी. अक्षरं बघायची राहिलीच." त्यांनी कागद खिशात घातला. "ठसे बांधून द्या. बाकीचे करायला लागा."

बाकीच्यांना दीड वर्ष लागले. वहिनींचे यंत्र तोवर चालूच होते. खिळे ओतून आले, तेव्हा पहिली छापली ती शेठजींच्या पुतणीची पत्रिका. शेठजी ती दुकानात गिऱ्हाइकांना दाखवत.

त्याच सुमारास मलाही भोपाळची नोकरी लागली. आईने नवे ताट घेतले. "उमाजीकडूनच नाव घालून आण," म्हणाली. दादांनी ताट मांडीवर घेतले, छिन्नी लावली. झाल्यावर बराच वेळ बघत राहिले.

पहिले अक्षर काठावर होते. शेवटचेही काठावर होते. मधली सगळी काठ सोडून आत, सरळ रेघेत उभी होती.

"मोडत नाही आता हाताची ही सवय," ते म्हणाले. आवाजात खेद नव्हता. ताट फडक्याने पुसून त्यांनी माझ्या हातात दिले.

"जा घेऊन. मोडीत मात्र काढू नकोस."