बारशाच्या व्हिडिओवरची शर्यत

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, कोपरचं घर. हजर: मी, मुलगी आणि माजिवड्याहून आलेले धाकटे दीर. टेबलावर दोन कॉम्प्युटर. एक ह्यांनी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला काळा टॉवर, दुसरा दिरांच्या ऑफिसातला, वेगळ्या कंपनीचा, जेवणाच्या डब्याएवढा.

हे घरी बसून लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचे. श्रावणात गेले. कल्याणच्या एका लग्नाचं काम अर्धं राहिलं होतं आणि ते मुलीला पूर्ण करायचं होतं. कोणत्या मशीनवर, एवढंच ठरवायचं होतं.

दोघा भावांचं भांडण जुनं. "दादा, हा कॉम्प्युटर आहे की पिठाची गिरणी?" असं दीर म्हणायचे. "तुझा डबा आधी उघडून दाखव. आतला एक स्क्रू तरी बदलता येतो का तुला?" हे उलट विचारायचे. नवा प्रोसेसर आला की चाचणी ठरलेली. मुलीच्या बारशाचा व्हिडिओ दोन्हीकडे लावायचा आणि कोण आधी तयार करून देतो ते बघायचं. बघायची ती काम किती झालं ते दाखवत पडद्याच्या तळाशी पुढे सरकणारी पट्टी. व्हिडिओ कुणीच बघत नसे.

या वेळीही तोच लावला. डब्याचं काम झालं तेव्हा टॉवर अर्ध्यावरही नव्हता. त्याचा पंखा घरघरत होता. दिरांनी चिडवलं नाही.

"आवाज नीट आलाय का बघते," म्हणत मुलीनं डब्यावरचा व्हिडिओ सुरू केला. पाळण्यापाशी मी, आणि कॅमेऱ्यामागून ह्यांचा आवाज: "अगं, तिच्याकडेच काय बघतेस? जरा इकडे बघ की." पडद्यावरची मी पाळण्याची दोरी सरळ करत राहिले.

दिरांनी टॉवर थांबवायला माऊस धरला.

"राहू द्या भाऊजी," मी म्हटलं. "होऊ दे त्याचं."

तो संपेपर्यंत आम्ही तिघं बसून होतो.

नंतर कळलं की ह्यांचं अर्धं झालेलं काम डब्यावर उघडतच नाही. त्यांचं सॉफ्टवेअर तिथं चालत नाही.

"नव्यानं करायचं तर बाबांनी कापलेलं सगळं जाईल," मुलगी म्हणाली. "मग वेग घेऊन काय करू, काका?"

दीर डबा पिशवीत घालून घेऊन गेले.

आता ती रोज संध्याकाळी टॉवरवर बसते. ह्यांनी सप्तपदीपर्यंत आणलं होतं, पुढच्या पंगती तिनं लावल्या. कल्याणहून दोनदा फोन आला. पाठवणी उघडली की ती उठते आणि चहा ठेवायला जाते. तेवढी कापायची राहिली आहे.