दाभणानं साफ केलेली तोंडं

मोहोळच्या रस्त्याला, सोलापूरच्या बाहेर आमचा कारखाना होता. साल सत्तरच्या पुढचं. तिथं भंगार लोखंड वितळवून कांबी ओतायचे. पातळ लोखंड वरून तांब्याच्या बिनबुडाच्या साच्यात पडायचं आणि खालून पंजाएवढी जाड लाल कांब सरकत बाहेर यायची, न थांबता. दिसायला कांब, पण आत अजून पातळच. वर नुसती साय धरलेली. ती साय फाटू नये म्हणून चारी बाजूंनी पाणी मारायचं, ते काम माझं.

नुसत्या पाण्यानं भागत नाही. तवा लई तापला की पाण्याचा थेंब त्यावर नाचतो, तवा काही गार होत नाही. तसंच ते. म्हणून साहेबांनी पाण्यात दाबाचा वारा सोडला होता. पितळेच्या बारीक तोंडांतून धुकं निघायचं, त्यातले कण वाफ फोडून थेट लोखंडाला भिडायचे. साहेब एकच सांगायचे, "सगळीकडं सारखं पडलं पाहिजे." मी चौथी शिकलेला. एवढं कळलं.

बोअरचं पाणी खारं. तोंडांत पांढरी खर धरायची. ती काढायची तर तोंड खोलून ॲसिडात भिजवायचं, त्यात अर्धा दिवस जायचा. मी घरून बायकोचं वाकळ शिवायचं दाभण नेलं आणि स्टोव्हला पिन मारतात तसं टोचून मोकळं केलं. पाच मिनिटांत काम. कसं केलं ते साहेबांनी विचारलं नाही, खूश झाले. म्हणाले, "सोमवारी पर्मनंटची यादी जाणार. तुझं नाव घालतो." कित्येक वर्षं मी बदलीवर होतो, कुणी आलं नाही तर त्याच्या जागी. बायकोनं गल्लीभर सांगितलं.

मग कांबीच्या एका कोपऱ्याला चिरा पडायला लागल्या. साहेबांनी भट्टी बघितली, साचा बघितला, भंगारवाल्याला शिव्या घातल्या. मला शनिवारी दिसलं. डावीकडं धुकं, उजवीकडं धार. उजवीकडची तोंडं जास्त तुंबायची, तिकडंच दाभण जास्त चाललं होतं. भोकं मोठी झाली होती.

मी गप्प बसलो.

खाली कांब कापायला अक्कलकोटकडचा एक म्हातारा उभा असायचा. साय फाटली तर पातळ लोखंड त्याच्या अंगावर. तो मला म्हणतो, "काय रे, पर्मनंट होणाऱ्याचं तोंड असलं असतंय व्हय? पेढे द्यावं लागतील म्हणून रडायलास की काय?"

संध्याकाळी मी भाकरी अर्धी टाकून उठलो. बायकोनं विचारलं, तेव्हा सांगितलं.

"मग सायबाला सांगा की."

"नाव जाईल यादीतनं."

"जाऊ द्या."

"तू गल्लीभर बोंब मारून बसलीयास."

"आता उलटी बोंब मारते. अवो, त्या म्हाताऱ्याच्या बायकूला काय सांगणार हाय तुमी? सोमवारपतूर थांब म्हणून?"

रविवारी सांगितलं. साहेबांनी ओतणं बंद करून एकेका तोंडाखाली डबा धरला, घड्याळ बघितलं. उजवीकडचे डबे भरून वाहिले, डावीकडचे अर्ध्यावर. नवी तोंडं बसवली, चिरा थांबल्या. माझं नाव खोडलं. साहेब म्हणाले, "दुसरा असता तर हाकलला असता." म्हातारा महिनाभर पेढे मागत राहिला.

पर्मनंट व्हायला आणखी चार वर्षं लागली. घर चालवायला म्हणून बायको शेजारच्या तेलुगू बाईकडून विड्या वळायला शिकली. माझा कागद आला त्या दिवशी म्हणालो, "आता सोड." म्हणाली, "हात बसलाय. रिकामं बसून काय करू?" शेवटपर्यंत वळत राहिली.

मागल्या साली छातीनं गेली. डॉक्टर म्हणाले, तंबाखूची धूळ.

त्या शनिवारी भाकरी पुरी खाऊन गप्प झोपायला पाहिजे होतं, असं मला कधीकधी वाटतं. म्हाताऱ्याचं काय झालं असतं ते माहीत असून वाटतं.